नामाजीची मोजदाद

टेका जरा भिंतीला. हिंगोलीजवळच्या गोरेगावकडल्या नामाजी धनगराची गोष्ट सांगतो. सुरवातीला हसाल, शेवटाला हसणं व्हायचं न्हाई.

दोन हजार तीनची गोष्ट. नामाजीला सत्तरी लागलेली, दाराशी साठ मेंढरं. तिन्हीसांजंला कुंपणात घेताना तो दोनदा मोजायचा. दोन्ही येळा आकडा जुळला तरच भाकरीला हात लावायचा. जुळला न्हाई तर बायको सत्यभामाबाई ताट झाकून बसून राहायची.

एकदा नामाजीला चक्कर आली म्हणून नवरा-बायको हिंगोलीला निघाले. जीप सुटलेली. म्हातारा मागं पळाला, फळीवर लोंबकळत गेला, वरून दवाखान्याचा जिना चढला. धाप लागलेली असतानाच डाक्टरनं दंडाला पट्टा बांधला. बीपी एकशे नव्वद. गोळी सुरू झाली.

मग गोरेगावच्या दवाखान्यात करुणा सिस्टरनं त्याला आधी बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं, मेंढरांचं इचारलं, आन् मग मोजलं. एकशे तीस. तिनं समजावलं, वय झालं की नसा कडक होतात. पळालं, भ्यालं की आकडा चढतो, निवांत बसलं की उतरतो, झटक्यात उठलं तर आणखी खाली जातो. दोन्ही आकडे हिंगोलीत सांगा म्हणाली.

"मेंढरं सकाळी साठ, सांजंला साठ," नामाजी म्हणाला. "रगत काय मधी चरायला जातं व्हय?"

त्याच्या हिशेबानं एक मशीन खोटी व्हती, आन् मोठ्या गावची कशी खोटी आसंल? आकडे जुळवायला तो हिंगोलीच्या खेपा घालत राहिला. दर खेपंला तीच पळापळ, तोच जिना, वरून डाक्टरचं भ्याव. आकडा चढलेलाच. एकाच्या दोन गोळ्या झाल्या. गोरेगावचा आकडा त्यानं तिथं काढलाच न्हाई. खोटं कशाला सांगायचं?

सत्यभामाबाईला दिसून राहिलं व्हतं. गोळ्या वाढल्यापासून उठताना म्हातारा भिंत धरायचा. एक दिवस तिनं एक गोळी पदरात लपवली. पण दिवसभर तिला धास्ती, रगत डोक्यात चढलं तर आपल्याच हातानं मेला आसं व्हायचं. दुसऱ्या सकाळी दोन्ही गोळ्या तिनंच त्याच्या तळहातावर ठेवल्या.

थोड्या येळानं नामाजी कोकराला पाजायला उकिडवा बसला. उठला, भिंत हाताला लागली न्हाई, आन् पाण्याच्या दगडी कुंडीवर डोकं आपटलं. जीप यायच्या आधीच गेला.

तिसऱ्या दिवशी सिस्टर भेटायला आली. म्हातारीनं इचारलं, "पोरी, खरा आकडा कोणचा व्हता?"

सिस्टर म्हातारीपाशी टेकली. मग म्हणाली, "दोन्ही खरे व्हते, मावशी."

त्यानंतर सत्यभामाबाई मेंढरं एकदाच मोजायची. एखादं कमी भरलं तरी गुमान जेवायला बसायची.

आता माझं एक काम करा. घरच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्याल, तवा पट्टा बांधायच्या आधी त्याला थोडा येळ बसू द्या. आन् आधीचा आकडा डाक्टरला तुमीच सांगा, त्याच्यावर सोडू नका.