तिकडची लाईट

उमरग्यात लाईट गेली की आम्ही बाहेर ओट्यावर येऊन बसतो. कुणाला विचारत नाही, फोन करत नाही. जन्म गेला त्यात. माणिकप्पांचं सरकी-पेंडीचं दुकान हायवेवर माझ्या टायरच्या दुकानाला लागूनच. ते फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात, त्यामुळं त्यांच्या घरातलं सगळं मला आपोआप कळतं.

त्यांच्या पत्नी, जगदेवीवहिनी, पौषात लेक शिवप्रियाच्या बाळंतपणाला इंग्लंडला गेल्या. जावई गौरीशंकरनं त्यासाठी तीन महिन्यांपुरता फ्लॅट भाड्यानं घेतला होता. तिथलं विजेचं मीटर मोबाईलसारखं, आधी पैसे भरायचे आणि मग वापरायचं. मालक म्हणाला, महिनाभराचे पैसे मीटरमध्ये आहेत. जावयानं मान डोलावली. पण नातू दिवस भरायच्या आधीच झाला, ओंजळीत मावेल एवढा. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्याला ऊब हवी म्हणून हीटर रात्रंदिवस चालू. मग महिना कसला पुरतो?

त्यात शिवप्रियाचे टाके पिकले. तिला परत दवाखान्यात नेलं, जावई तिच्यासोबत. घरात बाळ आणि आजी. त्या दिवशी इथं दुपार होती, तिकडं सकाळ. वहिनींचा फोन आला.

"अवो, लाईट गेलीया."

"जाऊ दे. येईल की."

"लई गारठा हाय वो. जावयास्नी इचारू का?"

"अगं, पोरीजवळ बसल्यात ते. लाईट गेली म्हून जावयाला फोन करत्यात व्हय? बाळाला लुगड्यात गुंडाळ, उराशी धर. येईल."

ऐकून मला काही वावगं वाटलं नाही. इथं कुणालाच वाटलं नसतं.

वहिनी वाट पाहत बसल्या. बाळ रडायचं थांबलं, तेव्हा झोपलं म्हणून त्यांना बरंच वाटलं. आमचा संध्याकाळचा चहा आला तेव्हा पुन्हा फोन वाजला.

"बाळ गार लागतंय वो. डोळं उघडंना."

माणिकप्पा ताडकन उठले. "जावयाला फोन लाव! आत्ता लाव!"

जावयानं दवाखान्यातूनच गाडी पाठवली. बाळ वाटेतच गेलं.

आठवड्यानं गौरीशंकरचा फोन आला. मी शेजारीच होतो.

"मामा, मीटरमधले पैसे संपले होते," तो रडत होता. "तसं झालं तर मीटरवरच एक बटण असतं. ते दाबलं की पैसे भरेपर्यंत उधारीवर लाईट चालते. मी मामींना दाखवलंच नाही. त्या मीटरच्या शेजारीच बसून होत्या, मामा. त्यांना हे कधीच कळू देऊ नका."

माणिकप्पांनी फोन ठेवला आणि भर बाजाराच्या दिवशी दुकानाचं शटर ओढलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आली ती नुसती कीव.

वहिनी परतल्यावर आम्ही भेटायला गेलो. बाजेवर बसून त्या आल्यागेल्याला सांगत होत्या, "लई वाट बगितली म्या. देवाचं नाव घेत बसले." मग एकाएकी नवऱ्याकडं वळल्या.

"अवो, खरं सांगा. माज्या हातनं काय चुकलं का?"

माणिकप्पा बाजेवर त्यांच्याशेजारी टेकले.

"न्हाय," ते म्हणाले. "लाईटच आली न्हाय."