कान नसलेला देव

अश्रव नावाचा देव मी वीस मिनिटांत तयार केला. काशीदच्या एका रिसॉर्टच्या उपाहारगृहात बसून, समोर कांदाभज्यांची बशी असताना.

मी दीनानाथ. रेवदंड्याच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवलं. देवाधर्माशी माझं कधी जमलं नाही, भांडणही झालं नाही. निवृत्तीनंतर चार वर्षांनी निकेत घरी आला. माझाच विद्यार्थी, मुंबईत खेळ बनवायच्या धंद्यात पडलेला. मोबाईलवरचे खेळ नव्हेत, माणसांनी प्रत्यक्ष खेळायचे. शहरातली मोठी माणसं शुक्रवारी काशीदला यायची, अंगावर कफनी चढवायची, एखाद्या पंथाची दीक्षा घ्यायची आणि रविवारी दुपारपर्यंत त्या पंथाचे नियम पाळत एका काल्पनिक जगात राहायची. कोणता पंथ सर्वांत निष्ठावान, ते शेवटी गुण देऊन ठरायचं. त्या जगाला धर्मग्रंथ हवा होता आणि तो जुन्या वळणाच्या मराठीत हवा होता. म्हणून निकेतला सर आठवले.

त्या जगाचं नाव अर्णिका. मी त्याला सांगितलं की त्या नावाचं होमिओपथीचं औषध असतं, मुका मार लागला की घेतात. त्याने हसून सोडून दिलं. दिव्यांच्या देवीचं नाव त्याने हुमणी ठेवलं होतं, कानाला गोड लागतं म्हणून. हुमणी ही पिकाची मुळं खाणारी अळी. तेही त्याला सांगितलं. तो म्हणाला, आपल्याकडे येणाऱ्यांपैकी कुणी शेत पाहिलेलं नसतं. ते खरं होतं.

हुमणीचे दीपधारी भर उन्हात पेटते कंदील घेऊन फिरत. वेळावर्त या भरतीओहोटीच्या देवाचे भक्त पाणी उतरू लागलं की सात पावलं मागे चालत. त्यात एकजण पोहण्याच्या तलावात पडला होता. गंजदेवाच्या भक्तांना धातू वर्ज्य होता. ते हाताने जेवत, पाणी मडक्यातून पीत, पण मोबाईलला प्लास्टिकचं कव्हर असलं की चालतं असा निर्णय त्यांच्याच महंताने पहिल्या तासाभरात दिला. कंपन्यांचे मोठे अधिकारी, वकील, डॉक्टर. घरच्या देवासमोर निरांजन लावायला यांना वेळ नसे आणि इथे ते हुमणीच्या कंदिलातलं तेल संपलं म्हणून रडत. मी हे सगळं वडाच्या सावलीत खुर्ची टाकून पाहायचो आणि मनातल्या मनात त्यांची कीव करायचो. कीव हा शब्द सौम्य झाला.

चौथा पंथ माझा. निकेतला एक कठीण पंथ हवा होता, टिकणं अवघड जाईल असा. मी त्याला कान नसलेला देव दिला. अश्रव, म्हणजे जो ऐकत नाही तो. त्याला कानच नाहीत, म्हणून त्याच्यापुढे बोललेला प्रत्येक शब्द हा त्याचा अपमान. त्याचे भक्त मौनी. दीक्षेपासून रविवारी दुपारी बारापर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. फारच अडलं तर पाटीवर लिहायचं. ‘जो हाक देतो तो देवाला बहिरा म्हणतो, आणि जो हाकेला ओ देतो तो देवाला खोटा ठरवतो.’ हे वाक्य माझं. लिहिताना मला हसू येत होतं. मौन्यांसाठी एक परीक्षाही मीच लिहिली: शनिवारी केव्हातरी गावातलं कुणी येऊन मदतीसाठी हाका मारील, जो उठेल किंवा बोलेल त्याची दीक्षा मोडली. निकेतने ते वाचलं आणि माझ्या पायाला हात लावला.

डिसेंबरातल्या त्या खेपेला मौनी पाचजण होते. त्यांची मुख्य हेमाली नावाची ठाण्याची बाई. तिचा व्यवसाय होता लोकांना चारचौघांत बोलायला शिकवणं. मोठमोठे अधिकारी तिच्याकडे भाषण कसं करावं ते शिकायला येत. तीन दिवस गप्प बसण्यासाठी ती मुद्दाम आली होती आणि शुक्रवारी संध्याकाळी दीक्षा घेताना तिचे डोळे भरून आले होते. दुसरा विनेश, पनवेलचा दातांचा डॉक्टर, जाडसर, मऊ चेहऱ्याचा. बाकीच्या तिघांची नावं मी लक्षात ठेवली नाहीत.

आणि गोदू. गोदू रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात मासळी साफ करायची. पन्नाशीची कोळीण, नवरा बोटीवर. सकाळचं काम आटपून, ओहोटी असली की ती किनाऱ्याच्या टोकाला खडपावर कालवं काढायला जायची. खडप म्हणजे पाणी उतरल्यावर उघडे पडणारे काळे खडक, आणि कालवं म्हणजे त्यांना चिकटलेले धारदार शिंपले. मला ती मास्तर म्हणायची. एकदा तिने विचारलं होतं की हे लोक कसले उपास करतात. खेळ आहे, असं मी सांगितलं. ती पुन्हा मासळी खवलायला लागली.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास पाणी वर यायला लागलं होतं. गोदू परत फिरताना एका दगडावरून घसरली आणि तिचा डावा पाय दोन खडकांच्या फटीत घोट्यापर्यंत अडकला. हाड तेव्हाच मोडलं असावं. तिने पाय ओढून पाहिला, निघेना. पाणी पोटऱ्यांना लागलं तेव्हा तिने हाका मारायला सुरुवात केली.

साठ-सत्तर पावलांवर, वाळूत, पाच मौनी पांढऱ्या कफन्यांत ध्यानाला बसले होते. त्यांची तोंडं खडपाकडेच होती.

पुढचं मला त्या दिवशी आणि नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. गोदूने हाक मारली. पाचही जणांनी पाहिलं. शनिवारी परीक्षा होणार हे त्यांना दीक्षेच्या वेळीच सांगितलं होतं; ती सुरू झाली, हे त्यांना लगेच समजलं. हेमाली ताठ बसली. गोदूने पुन्हा हाक मारली, मग शिव्या दिल्या, मग देवाची नावं घेतली, आपल्या खऱ्या देवांची. पाणी कंबरेला आलं. विनेशने तिच्या हातावर रक्त पाहिलं. कालवांच्या धारेने तळवे फाटले होते. तो दातांचा का असेना, डॉक्टर होता. तो उठायला गेला. हेमालीने त्याच्या मांडीवर हात ठेवला आणि मान हलवली. तो बसला.

हे किती वेळ चाललं? गोदू म्हणते अर्धा तास. पाण्याच्या हिशेबाने वीस मिनिटं तरी होतीच.

तिला पाहिलं ते अल्पेशने. तो पर्यटकांना पाण्यावरून फिरवणारी बोट चालवतो. गिऱ्हाइकं बोटीत असतानाच त्याने ती खडपाकडे वळवली, उडी मारली, गोदूच्याच कालवं फोडायच्या हत्याराने दगडाची कड फोडली आणि तिला सोडवलं. तेव्हा पाणी तिच्या छातीवर होतं आणि लाट आली की तोंडावरून जात होतं. त्याची शिट्टी ऐकून मी वडाखालून धावलो. धावलो म्हणजे माझ्या वयाचा माणूस वाळूत जितका धावेल तितका.

अल्पेश तिला खांद्यावर घेऊन येत होता. पाय विचित्र कोनात लोंबत होता. त्यांच्या वाटेत ते पाचजण तसेच बसलेले. मी हेमालीसमोर उभा राहिलो आणि विचारलं, तुम्ही पाहिलंत का. तिने शांतपणे पाटी घेतली, खडूने लिहिलं आणि माझ्यापुढे धरली.

‘आम्ही परीक्षा उत्तीर्ण झालो ना?’

मी म्हणालो, “ही परीक्षा नव्हती. ती बाई खरंच बुडत होती.”

मला वाटलं, आता ही बोलेल. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, ओठ हलले. मग तिने डोळे मिटले, पाटी पुसली आणि लिहिलं, ‘हाही परीक्षेचाच भाग असेल तर?’ बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. विनेशने मान खाली घातली.

गोदूला मुरुडच्या दवाखान्यात नेलं. मी सोबत गेलो आणि तिचा नवरा आल्यावर दुपारी परतलो. निकेत फाटकातच भेटला. तो घाबरला होता, ते मी मान्य करतो. पण खेळ थांबवायचा की नाही यावर मात्र त्याचा विचार पक्का झाला होता. लोक लांबून आलेत, बाई वाचली आहे, उपचारांचं आपण बघू. संध्याकाळचा सोहळा व्हायलाच हवा, आणि ग्रंथ वाचणार कोण, तर तुम्ही. मी बरं म्हणालो.

संध्याकाळी सगळे पंथ पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, जमले. मधोमध एक चौथरा. त्यावर उभं राहून मी अर्णिकेचा ग्रंथ वाचायचा आणि दिवसाचा निष्ठावान पंथ जाहीर करायचा. निकेतने हातात दिलेल्या कागदावर मौन्यांचं नाव होतं.

मी कागद खिशात घातला आणि एकतीस वर्षं वर्गात वापरलेल्या आवाजात सांगायला लागलो. सांगितलं की अश्रव नावाचा देव नाही. तो मी भजी खाताना बनवला. हुमणी ही अळी आहे. आज सकाळी पाच शिकलेल्या माणसांनी मासळी साफ करणाऱ्या गोदूला बुडताना पाहिलं आणि गुण जातील म्हणून हलली नाहीत. त्यांच्यात एक डॉक्टर होता. आणि त्यांना न हलण्याचं कारण ज्याने लिहून दिलं तो म्हातारा मी, माझी लायकी त्यांच्याहून कमी आहे. “घरी जा,” मी म्हणालो. “कफन्या काढा आणि घरी जा.”

दीपधाऱ्यांतल्या एकाने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. ग्रंथवाचकच पाखंडी निघाला, याहून चांगलं वळण त्यांनी कल्पिलं नव्हतं. गंजदेवाच्या महंताने पुढे येऊन थरथरत्या आवाजात मला अर्णिकेतून हद्दपार केलं. वेळावर्ताचे भक्त सात पावलं मागे सरले. मी चौथऱ्यावरून उतरलो तसे सगळे शिस्तीत पाठमोरे झाले आणि माझ्यासाठी वाट करून दिली. मागे निकेत पळत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“सर, काय भन्नाट काढलंत हे,” तो म्हणाला. “आधी सांगायचं तरी.”

मी चालत राहिलो. रस्त्यावर येऊन एसटीची वाट पाहत उभा राहिलो, आणि गाडी येईपर्यंत मला पुळणीवरची त्यांची नवी आरती ऐकू येत होती.

रविवारी सकाळी मी पुन्हा दवाखान्यात गेलो. गोदूच्या पायाला प्लास्टर होतं, तळव्यांना पट्ट्या. साडेअकराला दारात पांढऱ्या कफन्या दिसल्या. पाचही जण आले होते, फुलं आणि फळांची करंडी घेऊन. बोलले नाहीत. करंडी खाली ठेवून ते खाटेभोवती हात जोडून उभे राहिले. वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. कुणाला वाटलं कसले साधू आले, एकीने तर लांबूनच नमस्कार केला.

गोदूने मला विचारलं, हे मुके हायत का. मी सांगितलं, त्यांचा देव बारा वाजेपर्यंत बोलू देत नाही. काल तुझ्यासमोर बसलेले हेच. तिने पाचही जणांकडे एकेक करून पाहिलं. सावकाश, बाजारात मासळीचे कल्ले उघडून बघावेत तसं. मग तीही गप्प बसली.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. हेमालीने श्वास घेतला. सफाईदार बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि मनात सगळं रचून झालं असणार. तिने तोंड उघडलं, “ताई, मला तुम्हाला मनापासून...”

“नको,” गोदू म्हणाली. “बोलू नको, बाय. तू बोललीस तर मना आयकावं लागंल.”

हेमालीचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग ती वळली आणि निघून गेली, तिच्यामागे तिघं. विनेश मागे रेंगाळला. तो बाहेरच्या बाकावर बसून मोठ्याने रडत होता आणि मी जाताना त्याने माझा हात धरला. मी सोडवून घेतला. त्याला धीर द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं, आणि असतं तरी त्याला दिलं नसतं.

गोदू आता चालते, पण पाय थोडा ओढते. खडपावर जात नाही. रिसॉर्टमध्येही गेली नाही. मुरुडच्या बाजारात बहिणीसोबत सुकी मासळी विकते.

मौन्यांचा पंथ निकेतने बंद केला. त्याजागी नवा पंथ आला, हद्दपारांचा. अल्पेशने मला सांगितलं की सगळ्यांना तोच हवा असतो. त्यांचा देव नाही. देव नाही हेच त्यांचं व्रत. दर शनिवारी संध्याकाळी एकजण चौथऱ्यावर चढून माझं त्या दिवशीचं भाषण शब्दशः म्हणतो, भज्यांपासून लायकीपर्यंत, आणि बाकीचे पाठमोरे होतात. गोदूचा उल्लेख तेवढा गाळला आहे. त्याजागी ‘एक अभागी स्त्री’ असं घातलं आहे.

फेब्रुवारीत निकेतने ते भाषण मला पाठवलं. छापायचं आहे, एकदा नजरेखालून घाला, म्हणाला. मी ते फाडून टाकायला घेतलं होतं. पण दुसऱ्याच ओळीत त्याने ‘अश्रव’मधला श चुकवून ष केला होता, आणि पुढे एका वाक्यात कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी. मी लाल पेन घेतलं, दोन्ही चुका दुरुस्त केल्या आणि कागद टपालाने परत पाठवला.