काट्यावर साठ

"एक तर मीटर चुकतंय, नाही तर मी," गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवत मापसाहेब म्हणाले. "दोघांतला कोण ते सांगा. रविवारच्या आत."

रविवारचं काय, ते त्यांच्या मागे उभ्या असलेल्या वहिनींनी सांगितलं. मुलाने गाडीला गिऱ्हाईक आणलं होतं, ते रविवारी येणार होतं. महिन्यापूर्वी मोठ्या रस्त्यावर तो आपल्या गाडीतून यांच्या मागे मागे येत होता. घरी पोचल्यावर म्हणाला, "बाबा, पंचेचाळीसने काय चालवता? मागे रांग लागली होती." साहेब म्हणाले, "काट्यावर साठ होते." मुलगा म्हणाला पंचेचाळीस, साहेब म्हणाले साठ. मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे वारी झाली. डोळे ठणठणीत निघाले, तेव्हा मुलाने काढलेला निष्कर्ष त्याहून वाईट होता. बाबांना काटा दिसतो, पण वाचता येत नाही.

"म्हणजे इथे बिघाड," साहेब म्हणाले आणि त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. "गाडीही म्हातारी आणि मीही. दोघांना एकदमच घरी बसवायचा बेत आहे."

"त्याच्या फोनवर वेग दिसतो म्हणे. त्यात बघायचं होतं," मी म्हणालो.

"त्या फोनला सील कुणी केलंय?"

तेहतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक राहिलेल्या माणसाशी सीलवरून वाद कोण घालणार? मापसाहेब हे नाव त्यांना बाजाराने दिलेलं. ते नुसते कोपऱ्यावर दिसले तरी तागडीखाली चिकटवलेलं मेण आपोआप गळून पडायचं, असं दुकानदार सांगत. दिवाळं निघेल पण साहेब चार ग्रॅम सोडणार नाहीत, अशी त्यांची ख्याती.

मी जुन्या गाड्यांचे मीटर दुरुस्त करतो. हल्लीच्या गाड्यांत आकडे नुसते उजळतात, तिथे बोट घालायला जागा नाही. पण काट्याचं मीटर आलं की मला तहानभूक आठवत नाही. बायको म्हणते, नसत्या चौकशा करायची सवय पोटाच्या कामी आली, नाही तर तुम्हाला दुसरा धंदा जमला नसता. खरं आहे. माझी पद्धत अशी की चोर पकडायची घाई करायची नाही, आधी निरपराध मंडळींना सोडून द्यायचं.

पहिल्यांदा टायर पाहिले. चुकीच्या मापाचे टायर बसवले की मीटर हमखास खोटं बोलतं. पण दारावरच्या पत्र्यावर जे माप होतं तेच टायरवर होतं. टायर सुटले.

मग आम्ही मोठ्या रस्त्यावर गेलो. साहेब चालवायला, मी शेजारी, वहिनी मागे. साहेबांनी खिशातून आपलं स्टॉपवॉच काढून माझ्या हातात दिलं. काटा साठवर असेल तर एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत साठ सेकंद लागायला हवेत. काटा साठवर टाचणीने टोचल्यासारखा स्थिर होता. ऐंशी सेकंद लागले. पुन्हा केलं, पुन्हा ऐंशी.

"म्हणजे पंचेचाळीस," साहेब म्हणाले. मुलगा बरोबर निघाला होता आणि तेही. त्यांनी लांब श्वास सोडला. महिनाभर तो छातीत अडकून बसला असावा. मला ते ऐकून फार बरं वाटलं.

पण माझं कोडं आता कुठे सुरू झालं होतं. गाडी किती धावली ते दाखवणारे आकडे दगडांशी तंतोतंत जुळत होते. म्हणजे केबल निर्दोष, तिला फिरवणारं चाकही निर्दोष. चोर घरातलाच, खुद्द मीटरमध्ये. आणि नवल असं की मीटर म्हातारं झालं की चुंबकाचा जोर ओसरतो आणि ते कमी दाखवायला लागतं. हे जास्त दाखवत होतं.

दुकानात येऊन मी मीटर काढलं, काच उतरवली. साहेब माझ्या खांद्याशी येऊन वाकले.

"हे चुंबक काट्याला पुढे ओढतं," मी त्यांना दाखवलं, "आणि ही केसाएवढी स्प्रिंग मागे खेचते. दोघांची ओढाताण जिथे थांबते, तो तुमचा वेग."

"बरं. मग जास्त का ओढतंय?"

जुनं तेल घट्ट झालं असेल असं मला वाटलं होतं. तेल स्वच्छ होतं. मी भिंग लावलं. स्प्रिंगचा ताण बदलायची बारीकशी पट्टी असते, ती एका टोकाला सरकवलेली होती. आणि तिच्यावर रंगाचा हिरवा ठिपका होता.

माझे उस्ताद लाल ठिपका लावायचे. हिरवा माझा. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक मीटरवर मी तो लावतो, पट्टी हलू नये म्हणून.

मी मान वर केली. भिंतीशी स्टुलावर बसलेल्या वहिनी माझ्याकडेच बघत होत्या. तेव्हा मला आठवलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची दुपार, केबल बदलायला ठेवलेली ही गाडी आणि पोटुशी असलेली एक बाई. काटा थोडा पुढे पळवता येईल का, असं तिने विचारलं होतं. मला तेव्हा गंमत वाटली होती. असं उलटं काम कुणी सांगितलं नव्हतं.

"स्प्रिंग ढिली पडली, साहेब," मी म्हणालो. "वय झालं तिचं."

चोराच्या मनात चांदणं, माझा आवाज मलाच खोटा वाटला. साहेबांनी माझ्या हातातलं भिंग घेतलं.

"ढिली पडलेली स्प्रिंग स्वतःला रंग लावून घेते का, मीटरवाले? हे सील आहे. कुणी तरी सरकवलं आणि वर सील केलं. कुणी?"

"हात माझा आहे."

"आणि सांगितलं कुणी?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी भिंग टेबलावर ठेवलं.

"सातवा महिना होता मला," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही साठ म्हणजे साठ. खड्डा असो, वळण असो. माझा जीव मुठीत असायचा."

"मग सावकाश चालवा म्हणून सांगायचं."

"तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, मर्यादा साठची, काटा साठवर, यात तुझं काय म्हणणं? तुम्ही माझं ऐकत नव्हता, काट्याचं ऐकत होता. म्हणून मग काट्यालाच सांगितलं."

"अठ्ठावीस वर्षं?"

"परत नीट करून आणायचं राहूनच गेलं. पोर झालं, मग ते सीटवर उभं राहायला लागलं. आणि उशीर झाला की तुम्ही गर्दी वाढली म्हणायचा." त्यांचा आवाज खाली गेला. "पण हा महिना फार वाईट गेला. तो तुम्हाला वेड्यात काढायला लागला. रोज ठरवायचे, आज सांगते. तुमच्यासारख्या माणसाला कसं सांगायचं, की खोटं माप आपल्याच घरात आहे? म्हणून मीच म्हटलं, इथे येऊ."

साहेब बाहेर जाऊन गाडीपाशी उभे राहिले. आमच्याकडे पाठ. मला माझीच लाज वाटली. माझ्या गमतीपायी माणूस आपल्या डोक्यावर शंका घेऊन महिनाभर फिरत होता. बऱ्याच वेळाने ते आत आले आणि म्हणाले, "नीट करा."

मी पट्टी सरकवली, चुंबकावर काटा तपासला, मीटर बसवलं. पुन्हा मोठ्या रस्त्यावर गेलो. या वेळी वहिनी पुढे बसल्या, मी मागे स्टॉपवॉच घेऊन. काटा साठवर, साठ सेकंद. खरे साठ. इतक्या वर्षांनी गाडीलाही ते नवीन वाटलं असावं, ती गुरगुरत होती. वहिनींनी दाराचा दांडा धरला. साहेबांनी एकदा त्या हाताकडे पाहिलं. इंजिनाचा आवाज हळूहळू खाली आला.

"आता?"

"हं, बरं आहे," वहिनी म्हणाल्या.

किती वेग होता, मला मागून दिसलं नाही.

दुकानाशी उतरल्यावर साहेब म्हणाले, "लिहून द्या. मुलाला दाखवायला."

मी बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. गाडी पंचेचाळीसने चालताना मीटर साठ दाखवत होतं, चालवणाऱ्याने काटा बरोबर वाचला होता, मीटर दुरुस्त केलं. मग माझं पेन थांबलं.

"कारण?" मी विचारलं.

"खरं ते लिहा," वहिनी म्हणाल्या. "तो काय बोलेल ते मी ऐकून घेईन."

"अगं, थांब जरा," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "लिहा. स्प्रिंग जीर्ण."

मी लिहिलं. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, खिशातलं पेन काढलं आणि माझ्या सहीखाली, कार्यालयात लिहायचे त्याच वळणदार अक्षरात लिहिलं, 'तपासले. बरोबर आहे.' खाली पूर्ण सही केली, तारीख घातली आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून उभे राहिले.