पाहणाऱ्याचा डावा हात

शहरात उत्तम सुशी कोठे मिळते याविषयी जे जे लिहिले गेले आहे, ते सर्व मी दोन दिवसांत वाचून काढले. तिसऱ्या दिवशी माझा रक्तदाब पाहून डॉक्टरांनी विचारले, "घरात काही झालंय का?" घरात काहीच झाले नव्हते. एकोणीस माणसांनी एकाच माणसाचे लेखन चोरले होते, एवढेच.

हे वाचन हौसेचे नव्हते. माझी भाची एका वृत्तपत्रात काम करते. रविवारचे खाद्यपान कायमचे कोणाच्या हाती सोपवायचे, हे संपादकबाईंना महिनाअखेर ठरवायचे होते. उमेदवार दोन. एक माझी भाची. दुसरा, खाल्लेल्या प्रत्येक ठिकाणाला पाचांपैकी साडेचार तारे देणारा एक गृहस्थ. कचेरीत त्याला तारेवाला म्हणत. दोघांना विषय एकच दिला होता: शहरातली उत्तम सुशी. पहिल्या रविवारी भाचीचा लेख, दुसऱ्या रविवारी त्याचा. पान हुकले तर भाचीची रवानगी पुन्हा निधनवार्ता आणि हवामान यांच्या टेबलावर होणार होती. तिथे तिने चार वर्षे काढली होती, आणि त्या काळात तिला एकाही वाचकाचे पत्र आले नव्हते.

"मामा, कोणी कुणाचं उतरवलं हेच तू जन्मभर शोधत आलास ना?" असे म्हणत तिने छापील कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आदळला. "मग शोध. मला एक खरं ठिकाण हवंय. एकच."

हस्तलिखितांच्या एका संग्रहालयात वर्णनात्मक सूची तयार करण्यात माझी चौतीस वर्षे गेली. आमच्या व्यवसायात असे मानतात, की दोन प्रती बरोबर असल्या तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. दोन प्रतींत एकच चूक सापडली, तर मात्र त्यांचे नाते लपत नाही. या एकोणीस स्तुतिलेखांत एका नामांकित सुशीगृहाच्या 'खिडकीतून दिसणाऱ्या संथ नदी'चे वर्णन होते. आम्ही दोघे जाऊन बसलो. खिडकी होती. तीतून एका बँकेची भिंत दिसत होती.

"नदी?" वेटर म्हणाला. "ती जुन्या जागेवर. नऊ वर्षं झाली की आम्हाला इकडे येऊन."

भात थेट फ्रिजमधून आलेला, गार आणि घट्ट होता. माशाला त्या भिंतीइतकीच चव होती. एकोणीस रसिक नऊ वर्षे बँकेच्या भिंतीकडे पाहून नदीवर भाळत होते, किंवा, अधिक संभाव्य म्हणजे, घरातून हललेच नव्हते.

"आता काय?" भाची रडकुंडीला आली होती.

"आता शिव्या वाच. स्तुती उतरवता येते. तक्रार मात्र माणूस स्वतःची स्वतः, पदरमोड करून लिहितो."

तीन तास आम्ही शिव्या वाचल्या. एका लहानशा दुकानाबद्दल अकरा तक्रारी होत्या, आणि एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. भात चक्क कोमट होता. बाई फोटो काढू देत नाहीत. दीड वाजता मासे संपले म्हणून आमच्या तोंडावर दार लावलं. माझ्या नवऱ्याने भाताची बाजू सॉसमध्ये बुडवली, तर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दिवसभर गप्प होता. या शेवटच्या तक्रारकर्तीने एक तारा वाढवून दिला होता.

सुशीचा भात अंगाइतका कोमट हवा आणि सॉस लावायचा तो माशाच्या बाजूला, एवढे मी तोवर वाचले होते. त्या अकरा जणांनी नकळत अकरा प्रशस्तिपत्रे लिहिली होती.

दुकान सायकलदुरुस्तीच्या गाळ्यामागे होते. एक लांब फळी आणि सात स्टुले. फळीपलीकडे साठीच्या सुशीवाल्या बाई, चष्मा दोरीने गळ्यात, बाह्या रबरबँडने वर चढवलेल्या. पहिला घास त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मी वही उघडून तपशील टिपू लागलो.

"अहो काका, वही खाणार आहे का ते?"

"नोंद करतोय."

"तोवर भात निवला." असे म्हणून त्यांनी तो घास उचलला आणि माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच्या तोंडात टाकला. भाचीने हसू दाबण्यासाठी रुमाल तोंडात कोंबला. बाईंनी नवा घास वळला. "वही खाली. आधी तोंड, मग पेन."

मी निमूट खाल्ले. भात जिभेवर दाणा दाणा सुटत गेला, मागे व्हिनेगरची पुसट आंबटी राहिली, आणि मासा कधी संपला ते कळलेच नाही. त्यानंतर अर्धा मिनिट मी जगात कोणावरही रागावलेलो नव्हतो. भाचीने ती वेळ लिहून ठेवली आहे.

निघताना तिने लेखाची परवानगी मागितली.

"लिही की," बाई म्हणाल्या. "पण तक्रारी सगळ्या घाल. नाहीतर भलतेच लोक यायचे."

मी घरी येऊन आठवणीतून टिपणे काढली, भाचीने त्यांवरून लेख लिहिला, आणि तो रविवारी छापून आला. लोकांनी तिला पत्रे पाठवली. सोमवारी सुशीवाल्या बाईंचा फोन आला.

"लेख झकास आहे गं. पण मी डावखुरी कधीपासून झाले?"

भाचीने तो प्रश्न जसाच्या तसा माझ्यापुढे ठेवला. "मी माशाकडे बघत होते, मामा. हातांचं खातं तुझ्याकडे होतं."

मी माझे टिपण काढून पाहिले: 'सुरी डाव्या हातात.' जुन्या पोथ्यांतील चित्रांचे वर्णन करताना आम्ही डावे-उजवे पाहणाऱ्याच्या बाजूने लिहितो. राजाच्या उजव्या हातातले फूल आमच्या सूचीत 'डावीकडे' असते. समोर उभ्या असलेल्या जिवंत बाईची मी सूची केली होती.

"येत्या रविवारी चूकदुरुस्ती छाप," मी म्हणालो.

"पान ठरायच्या आठवड्यात? तारेवाला नाचेल!"

"नाचू दे. स्वतःची चूक झाकणारा आणि दुसऱ्याचं चोरणारा, यांच्यात फक्त कष्टांचा फरक असतो."

"हे वाक्य आत्ता सुचलं?"

"चौतीस वर्षांपूर्वी. वापरायला संधी मिळत नव्हती."

ती दार आपटून निघून गेली. शुक्रवारी दुपारी मात्र तिने चार ओळींची चूकदुरुस्ती संपादकबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली: सुरी उजव्या हातात असते, चूक लेखिकेच्या मामांची, जबाबदारी लेखिकेची. संपादकबाईंनी ती वाचली, पुन्हा वाचली, मग शेजारी पडलेला तारेवाल्याचा ताजा लेख ओढला आणि त्याला बोलावून घेतले.

"पहिल्या क्रमांकाच्या दुकानात तुम्ही स्वतः गेला होता?"

"म्हणजे काय! तासभर भान हरपून बसलो होतो. त्या बाईंच्या डाव्या हातातली सुरी म्हणजे—"

संपादकबाईंनी चार ओळी त्याच्यापुढे सरकवल्या. तो हुशार होता, हे मान्य केले पाहिजे. क्षणात म्हणाला, "समोर बसलं की उलटं दिसतं हो. कुणाचीही चूक होईल."

"होईल. आणि दुसऱ्या क्रमांकाच्या खिडकीतली संथ नदी? तीही उलटी दिसली? त्या खिडकीसमोरच्या बँकेत माझं खातं आहे."

पान भाचीला मिळाले. हवामानाचे टेबल तारेवाल्याकडे गेले. उद्याच्या दिवसाला तो साडेचार तारे देतो, असे ऐकतो. चूकदुरुस्ती ठरल्याप्रमाणे रविवारी छापून आली, माझ्या उल्लेखासह, आणि मी ती कापून सूचीच्या पहिल्या खंडात ठेवली.

सोमवारी आम्ही सायकलच्या गाळ्यामागे गेलो. सातही स्टुले भरल्यावर बाईंनी सुरी उंच धरली.

"काका, हा हात कुठला?"

फळीवरची सगळी माथी माझ्याकडे वळली.

"तुमचा उजवा."

"हां. हे मात्र लिहून घ्या."

मी खिशातून वही काढली. तेवढ्यात माझ्यापुढे घास येऊन पडला, आणि बाईंची नजर त्याच्यावरून माझ्या पेनावर गेली.

मी पेन खाली ठेवले.