तिसऱ्यांदा विचारल्यावर

आमच्या गावात पहिल्यांदा विचारल्यावर कोणी हो म्हणत नाही. घर पेटलं असेल आणि बंबवाल्यांनी "पाणी मारू का?" असं विचारलं, तरी आमचा माणूस म्हणेल, "छे छे, कशाला उगाच त्रास!" दुसऱ्यांदा विचारलं की तो चुळबुळ करील. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणेल, "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर. पण थोडंसंच." माझे पणजोबा नॉर्वेहून मिनेसोटात आले तेव्हा बोटीतून हाच एक ऐवज घेऊन उतरले असावेत. मी व्हर्ना ऑसगार्ड, इथे हार्डवेअरचं दुकान चालवते. तोंडाने फटकळ म्हणून गावात प्रसिद्ध आहे, आणि तरीही दुसऱ्याच्या घरी कॉफीच्या पहिल्या कपाला नाहीच म्हणते.

गावातलं एकुलतं एक कॅफे बंद पडलं, तेव्हा मात्र आम्ही आढेवेढे घेतले नाहीत. शाळा आधीच गेली होती, किराणा दुकानही गेलं होतं. सकाळी चार माणसं टेकतील अशी जागाही गेली असती, तर गाव म्हणजे हमरस्त्यावरची एक पाटी, एवढंच उरलं असतं. आम्ही काही जणांनी मिळून ती इमारत घेतली, छप्पर नीट केलं आणि सांगून टाकलं, की जो कोणी इथे कॅफे चालवील त्याला पहिलं वर्ष भाडं माफ. पुढचं काय ते वर्ष संपताना समोरासमोर बसून ठरवायचं.

आली ती येसेनिया. मूळची होंडुरासची, शेजारच्या शहरात टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात कितीतरी वर्षं राबलेली. स्वतःचं स्वयंपाकघर असावं एवढा एकच ध्यास. मला ती पहिल्या दिवसापासून 'दोन्या व्हर्ना' म्हणते. वडीलधाऱ्या बाईला त्यांच्याकडे असंच म्हणतात. मला ते आवडतं, पण हे मी तिला सांगितलेलं नाही.

तिच्या कॅरॅमल रोलचा वास सकाळी माझ्या दुकानापर्यंत यायचा. गाव कॅफेत जायचंही. टोप्या काढून बसायचं, कॉफी प्यायचं, हवेबद्दल कुरकुरायचं आणि उठून जायचं. रोल मात्र काचेच्या कपाटात तसेच राहायचे. संध्याकाळी ती ते बादलीत भरून ऑरविल लिंडस्कॉगच्या डुकरांसाठी द्यायची. मी दुकान सोडून तिथे कधी बसायची नाही, सकाळी कॉफीचा थर्मास भरून आणायची तेवढाच माझा संबंध. माझी समजूत अशी की हळूहळू बसेल जम.

गावात तिच्याबद्दल कोणी वाईट बोलत नव्हतं. वाईट बोलायची आमच्यात पद्धतच नाही, आम्ही वाक्य अर्धवट सोडतो. "बाई चांगली आहे हो, पण..." एवढं म्हणून माणसं खिडकीबाहेर बघायची.

मार्चमध्ये, बर्फ भुरभुरत असताना, येसेनिया माझ्या दुकानात आली आणि तिने काउंटरवर दोन किल्ल्या ठेवल्या. एक पुढच्या दाराची, एक मागच्या.

"दोन्या व्हर्ना, कारखान्यात मुकादमाची जागा निघालीये. मला बोलावलंय. महिनाअखेर उत्तर द्यायचंय."

आमच्यात असल्या वेळी आधी खायला विचारतात. मी घरच्या लिंबाच्या वड्यांचा डबा उघडला. "लेमन बार घेतेस?"

"हो, घेते की," ती म्हणाली, आणि घेतलाही.

मी बघतच राहिले. माझ्या तोंडात दुसऱ्यांदा विचारायचे शब्द तयार होते, ते तसेच अडकून बसले. इतक्या वर्षांत या काउंटरवर कोणी पहिल्या विचारण्याला हात पुढे केला नव्हता. मनात म्हटलं, काय ही बाई!

"छान झालाय," ती खाता खाता म्हणाली, आणि एकदम तिचे डोळे भरून आले. "माझंच कोणाला का आवडत नाही हो? मी प्रत्येकाला विचारते. हसून विचारते. रोल देऊ का? सगळे नाही म्हणतात. रोज. 'नाही' ऐकायला रोज सकाळी उठून पीठ भिजवायचं, ते आता जिवावर येतं."

"थांब जरा. किती वेळा विचारतेस?"

"म्हणजे?"

"एकेका माणसाला. किती वेळा?"

"एकदा!" तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. "माझ्या आईची खानावळ होती. ती म्हणायची, नाही म्हणणाऱ्याच्या मागे लागू नये, लोचटपणा दिसतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. हसूही येत होतं आणि स्वतःच्या गावाचा असा राग येत होता की बाहेर जाऊन एकेकाला बर्फात उभं करावं. ही बाई 'नाही'ला 'नाही'च समजत होती, आणि आमची माणसं दुसऱ्या विचारण्याची वाट बघत, कपाटाकडे डोळे लावून, रोज उपाशी उठत होती. त्या अर्धवट वाक्याचा उरलेला भागही मला आता कळला. बाई चांगली आहे, पण मनापासून वाढत नाही.

मी तिला सगळं समजावलं. "तीनदा विचारायचं. तिसऱ्यांदा तो म्हणेल, बरं, पण अर्धाच. तेव्हा सुरी चालव, पण दोन्ही अर्धे त्याच्याच बशीत ठेव. तो दोन्ही संपवेल."

"मग पहिल्यांदाच पूर्ण का नाही मागत?"

"अगं, तसं केलं तर तो हावरट ठरेल ना!"

"वेडे आहात तुम्ही लोक," ती म्हणाली.

"आहोतच. तू उद्या एक सकाळ एवढं करून बघ. किल्ल्या इथेच राहू देत, कॅफे उघडायला मी येते."

दुसऱ्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावून कॅफेत जाऊन बसले. हे पाहूनच निम्मं गाव सावध झालं. ऑरविल नेहमीच्या खुर्चीत होता. येसेनिया कॉफी ओतून म्हणाली, "रोल देऊ?"

"नको नको, राहू दे."

ती सवयीने वळली. मी टेबलाखालून बूट आपटला. ती परत फिरली.

"गरम आहे. घ्या ना."

"छे, सकाळी खाऊन निघालोय." ऑरविलचा आवाज मात्र जरा पातळ झाला होता. म्हातारा विधुर, घरी काय खाऊन निघणार!

तिने माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा विचारणं तिला किती जड जात होतं ते तिच्या ताठलेल्या मानेवरून दिसत होतं. "ऑरविल, मी तुमच्यासाठी केलाय. एक घ्याच."

ऑरविलने मांडीवरची टोपी शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

"बरं, तू एवढं म्हणतेच आहेस तर. पण अर्धाच."

तिने दोन्ही अर्धे ठेवले. त्याने दोन्ही संपवले, आणि बोटंही चाटली.

"एवढी बादली रोज नेतोस," मी विचारलं, "त्यातला एक तरी कधी चाखला होतास का रे?"

त्याचे कान लाल झाले. "एकदाच."

"मग?"

"डुकरांचा हेवा वाटला."

येसेनिया इतकी हसली की तिला काउंटरला धरून उभं राहावं लागलं. त्या दिवशी ती टेबलाटेबलावर तीन-तीनदा फिरली. कपाट दुपारच्या आत रिकामं झालं आणि लिंडस्कॉगच्या डुकरांचे वाईट दिवस सुरू झाले. किल्ल्या मात्र तिने परत मागितल्या नाहीत, रोज सकाळी कॅफे मीच उघडून द्यायची.

महिनाअखेर भाडेमाफीचं वर्ष भरत आलं, तशी इमारत घेणाऱ्या आम्हा लोकांची समिती बसली. आमचा अध्यक्ष ड्वेन किटलसन हा धान्याच्या कोठाराचा व्यवस्थापक, सरळ माणूस, पण भाषण करायला बसला की घसा खाकरण्यातच दमतो. येसेनिया समोर बसली होती, हात मांडीवर. कारखान्याला तिने अजून उत्तर दिलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मुकादमाची जागा म्हणजे पक्का पगार आणि सुट्टीचे दिवस. आमच्याकडे काय होतं? छप्पर, आणि आम्ही.

"तर, येसेनिया," ड्वेन म्हणाला, "आणखी एक वर्ष थांबाल का? भाडं आपण निम्मं धरू."

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही खूप केलंत. आणखी कशाला त्रास?"

ड्वेनचा चेहरा पडला. ती खरंच जात होती. पक्का पगार सोडून कोण राहील, आणि का राहावं?

"अगं, त्रास कसला," मी म्हटलं. "सगळ्या गावाची इच्छा आहे. थांब ना."

"नको, दोन्या व्हर्ना. कारखान्यातले लोक चांगले आहेत."

ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलाकडे बघत होती. मला फटकळपणे काहीतरी बोलून मोकळं व्हायचं होतं. पण आवाज निघाला तो भलताच. "येसेनिया, तू गेलीस तर मला फार वाईट वाटेल गं. थांबच."

तिने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हसू दाबत होते.

"बरं," ती म्हणाली, "तुम्ही एवढं म्हणताच आहात तर. पण अर्धंच वर्ष."

मी पर्समधून किल्ल्या काढल्या, आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवल्या.