पेटीला मागचं दार नाही

आमच्या ह्यांनी आयुष्यभर एक पेटी केली. लाकडाची नाही, कॉम्प्युटरमधली. बनवणाऱ्यालाही ती फोडता येणार नाही, अशी. आणि आता तीच मला उघडायची आहे. हसा हवं तर. पहिल्या दिवशी मलाही हसू आलं होतं.

सहा महिन्यांपूर्वी ह्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. चाळीस वर्षं दोन भाषांत बडबड करणारा माणूस! इथली, परदेशातली भाषा तर पार पुसून गेली, आणि आपल्या भाषेतला एकच शब्द तोंडात उरला, "बरोबर". चहा हवा? बरोबर. नको? बरोबर. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना वाटलं, नुसताच आवाज काढतात. मी म्हटलं, बाई, हा शब्द आहे, अख्खा, अर्थासकट! कॉलेजात शिकवताना वर्गात कुणी नीट उत्तर दिलं की हे टेबलावर बोटं आपटून हेच म्हणायचे. ह्यांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना आमच्या भाषेतला तेवढाच एक शब्द यायचा.

त्या बाईंनीच विचारलं, "त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं जुनं बोलणं आहे का कुठे? रोज ऐकवायचं, त्यांच्याकडून म्हणून घ्यायचं. खात्री देत नाही, पण पहिल्या वर्षात जे परत येईल ते येईल."

आहे का म्हणजे? अठरा वर्षांचं आहे! पण ते पेटीत.

त्याचं असं झालं. आम्ही दोन बॅगा घेऊन या देशात आलो तेव्हा एका धोबीखान्याच्या वरच्या खोलीत राहायचो. खोलीची मालकीण आमची पत्रं वाफेवर धरून उघडायची. भाषा कळायची नाही मेलीला, तरी उघडायची! सासूबाईंचं शेवटचं पत्र हातात पडलं ते उघडलेलं, वर तेलकट बोटांचे ठसे. हे त्या दिवशी जेवले नाहीत. दिवसा तळघरातल्या दुकानात लोकांची बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायची आणि पहाटे उठून स्वयंपाकाच्या टेबलावर पेटीचं काम, असं सहा वर्षं चाललं. माझ्या कणकेच्या परातीशेजारी कंपनी उभी राहिली म्हणा ना.

पुढे मोठमोठी माणसं कोट घालून आली. म्हणाली, सगळं छान आहे, फक्त आमच्यापुरतं एक मागचं दार ठेवा, मालकाच्या नकळत पेटी उघडता येईल असं. हे म्हणाले, "शेंडी तुटो की पारंबी, मागचं दार ठेवणार नाही." दोनदा कंपनी बुडता बुडता राहिली. मी तेव्हा केवढी भांडले होते! पण दार नाही ते नाहीच. पेटी उघडायचा परवलीचा शब्द दहा वेळा चुकला की पेटी आपलं पोट स्वतःच पुसून टाकते, तो नियमही ह्यांचाच.

पन्नाशी उलटल्यावर कंपनी दुसऱ्यांच्या हाती सोपवली आणि हे कॉलेजात शिकवायला लागले. पहिल्याच तासाला मागच्या बाकावर कुणीतरी ह्यांच्या उच्चारांची नक्कल केली. दुसऱ्या दिवसापासून खिशातल्या फोनवर प्रत्येक तास रेकॉर्ड करायला लागले. संध्याकाळी खोलीचं दार लावून आपलंच बोलणं ऐकायचे, चुकलेला शब्द दहा दहादा म्हणायचे. मी बाहेरून म्हणायचे, "अहो, आता म्हातारपणी कुठे जीभ वळवताय?" तर आतून, "तू तुझं काम कर." अठरा वर्षं! आणि कुणी ऐकून हसू नये म्हणून ते सगळं पेटीत. बाकी ह्यांचा आवाज कुठेच नाही. घरच्या प्रत्येक चित्रफितीत कॅमेरा ह्यांच्याच हातात, म्हणजे हे गप्प.

पहिल्या दिवशी हसून झाल्यावर मी रागाच्या भरात तीन शब्द घालून पाहिले. माझा वाढदिवस, लग्नाची तारीख, सासूबाईंचं माहेरचं नाव. थोरल्या मुलाने फोनवरून दोन सुचवले. पाच गेले. मग मी घाबरले आणि प्रश्नवालीला बोलावलं.

प्रश्नवाली म्हणजे ह्यांची विद्यार्थिनी, आपल्याच भाषेतली. वर्गात इतके प्रश्न विचारायची की हेच नाव पडलं. आज तीच ती कंपनी चालवते. म्हटलं, ही पोर चुटकीसरशी उघडेल. ती आली, ह्यांच्या पाया पडली, कॉम्प्युटरसमोर बसली आणि तासाभराने माझ्याकडे वळली. डोळे भरलेले.

"काकू, नाही होत."

"नाही होत म्हणजे? तुमचीच ना पेटी?"

"म्हणूनच नाही होत. प्रत काढूनही उपयोग नाही. किल्लीचा अर्धा भाग ह्या यंत्राच्या पोटात आहे, अर्धा सरांच्या डोक्यात. तिसरी जागाच नाही. सरांनी आम्हाला पहिल्या तासाला हेच शिकवलं."

"कुठे लिहून ठेवलं असेल की!"

"काकू, सर म्हणायचे, लिहिलं की ते गुपित राहत नाही."

तरी मी घर पालथं घातलं. कपाटं, डबे, कोटांचे खिसे, सगळं. एक चिठ्ठी नाही. जगाला ब्रह्मज्ञान सांगून स्वतः कोरडे राहणारे किती भेटतात, मग हेच का नेमके सांगितल्यासारखे वागले? एकदा, फक्त एकदा लबाडी केली असती तर!

मग आम्ही अक्षरांचा तक्ता आणला. मी एकेका अक्षरावर बोट ठेवायचे, हे म्हणायचे, "बरोबर." पुढच्यावर ठेवलं, "बरोबर." सगळीच बरोबर! मध्येच चुकतंय हे ह्यांना कळायचं, मग मान हलवायचे, कपाळावर मूठ मारून घ्यायचे आणि तोंडातून पुन्हा तेच. मी त्यांचा हात धरून ठेवायचे. चार आठवड्यांत आम्ही चार शब्द जुळवले. चारही चुकले. नऊ झाले.

"आता शेवटचा राहिला, काकू," प्रश्नवाली म्हणाली. "हात लावू नका. पूर्ण खात्री झाली तरच."

मी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवला. वाचा-उपचाराच्या बाई यायच्या, परक्या आवाजातली वाक्यं ऐकवायच्या, हे खिडकीकडे बघत बसायचे. आत अठरा वर्षांचं बोलणं आणि बाहेर आम्ही दोघं मुके. मीही मुकीच झाले होते, कुणाशी भांडणार?

परवा दुपारी मी भाजी चिरत होते. टकटक ऐकू आली. दाराशी येऊन बघते तर टॉवेल खाली पडलेला आणि हे डाव्या हाताच्या एका बोटाने अक्षरं दाबतायत.

"अहो! थांबा!"

त्यांनी वळून पाहिलं. काय सांगू, तो चेहरा मी तीस वर्षांनी पाहिला. पेटी पहिल्यांदा चालली त्या पहाटे परातीशेजारून असंच बघितलं होतं माझ्याकडे. मी चार पावलांवर होते. हात धरता आला असता. नाही धरला. मला वाटलं, आठवलंय. मला तसं वाटून घ्यायचंच होतं ना!

पडद्यावर नुसते ठिपके. अक्षरं दिसू नयेत, हाही ह्यांचाच नियम. मी मोजले, चौदा. त्यांनी शेवटची कळ दाबली.

पडदा क्षणभर काळा झाला आणि त्यावर ह्यांनीच कधीकाळी लिहिलेली ओळ आली. "आत काहीही उरलेलं नाही. तुमचं गुपित कुणाच्याही हाती लागलेलं नाही."

मला किंचाळायचं होतं. पण कुणावर किंचाळू? मालकीण मरून गेली, कोटवाली माणसं कुठल्या कुठे गेली, आणि हे, हे तर ती ओळ वाचत होते. ओठ हलवत, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत. काय गेलं ते ह्यांना कळलं की नाही, देव जाणे. मग डाव्या हाताची बोटं टेबलावर आपटली. वर्गात आपटायचे तशी.

"बरोबर," म्हणाले. खणखणीत. सहा महिन्यांत पहिल्यांदाच योग्य जागी.

आणि माझ्याकडे बघत राहिले. वर्गातून कुणीतरी काहीतरी म्हणावं म्हणून वाट बघत असावेत तसे.

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांचा हात हातात घेतला. दुसरं काय म्हणणार होते?

"बरोबर," मी म्हटलं.