हात आणि पाय मिळून अठराशे

त्या सोमवारपासून पोथी माझ्या हातांनी उघडेनाशी झाली. वैजयंती रणदिवेच्या हातांनी ती उघडत होती.

पोथी तीनशे बारा पानांची आहे. एका अनाम टीकाकाराची ही एकमेव प्रत. तिच्या संपादनाला मी तेवीस वर्षे दिली. आपले नाव शेवटच्या पानावर सांगेन, असे त्या गृहस्थाने पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे, आणि पोथी मधली पाने गाळू देत नाही. जी व्यक्ती ते नाव प्रथम वाचून उतरवील तिच्या नावाने आवृत्ती निघेल, असा आमच्या संशोधन मंदिराचा नियम आहे. सोमवारी मी तीनशेव्या पानावर होते.

मी बासनाची गाठ सोडली, वरची फळी उचलली आणि पानाची कड धरली. पानाने अंग आवळून घेतले. पाठोपाठ खालची सगळी पाने एकमेकांना बिलगली आणि पोथीचा ठोकळा झाला. वैजयंतीने शेजारून एक बोट लावले. पान आपण होऊन वर आले.

"तुमचे हात बोचत असतील तिला, बाई," ती म्हणाली.

वैजयंती माझी विद्यार्थिनी, आता सहकारी. तिचा प्रबंध मी दोनदा तपासला. दुसऱ्या वेळी तो मीच लिहीत आहे असे मला वाटले, आणि ते फारसे खोटे नव्हते. तिच्या विद्वत्तेचा मला कधी हेवा वाटला नाही. हेवा वाटावा इतकी ती नव्हतीच. त्या सोमवारी मी तिची नखे पाहिली. दहाही एका मापाची, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी. माझ्या मधल्या बोटाला लेखणीचा घट्टा होता, हरभऱ्याएवढा, आणि त्याच्या कडेला कधीही न जाणारी शाई.

व्यवस्था अशी ठरली: मी बसून वाचावे आणि उतरवावे, तिने उभे राहून पाने उलटावीत. "पान, वैजयंती," असे मी म्हणत असे आणि ती उलटत असे. प्रत्येक पानाबरोबर टेबल चार बोटे आखूड होई. मंगळवारी माझी वही मांडीवर आली.

"टेबल आखूड होतंय," मी म्हणाले.

"फक्त तुमच्या बाजूने होतंय, बाई," ती समजूत घालत म्हणाली.

बुधवारी तीनशे अकरावे पान उतरवून झाले. उरले एक. ते मी तिच्या हाताने उलटू देणार नव्हते. मी फळी ठेवली आणि बासन बांधले.

"रागावू नका," वैजयंती म्हणाली, "पण तुम्ही एकदा छबूताईंकडे जाऊन याच. मी दर महिन्याला जाते. हात आणि पाय मिळून अठराशे."

"अठराशे रुपयांत चांगला कोश येतो."

"येतो की. पण त्याला हात लावायला हात नकोत का? आणि पायही करून घ्या. चालताना तुमच्या टाचा वाजतात. पोथी दचकते."

नखांच्या निगेविषयी जुन्या ग्रंथकारांनी काय म्हटले आहे ते मला पाठ आहे. त्यांपैकी एकानेही दर दिलेला नाही. गुरुवारी मी अठराशे रुपये घेऊन निघाले.

छबूताईंचे पार्लर चष्म्याच्या दुकानाच्या वर होते: एक खुर्ची, एक टब, भिंतीवर एक दरपत्रक. दरपत्रक मी नीट वाचले. वरचा मजकूर निळ्या शाईत होता: हात व पाय, अठराशे. खाली काळ्या शाईत, अधिक घाईच्या अक्षरात, एक ओळ होती: निघालेले परत मिळणार नाही, दुसऱ्या कोणी मागितल्यास ते त्यास बसवले जाईल. शाई वेगळी, अक्षराचे वळण वेगळे. ओळ उघडच प्रक्षिप्त होती. मागाहून कोणीतरी घुसडलेली. मी ती सोडून दिली.

छबूताईंनी माझे पाय कोमट पाण्यात ठेवले आणि वजरी घेतली. टाचांच्या भेगांतून आधी संशोधन मंदिराच्या अंगणातली वाळू निघाली. मग तिथल्या दगडी पायऱ्या निघू लागल्या. अकरा होत्या. छबूताईंनी त्या पुसून भिंतीशी रचल्या.

"किती वर्षांचं साठवलंय हो!" त्या म्हणाल्या.

"तेवीस."

"नवऱ्याने कधी काही म्हटलं नाही?"

"नवरा नाही."

"मग बरोबर."

हातांना वेळ कमी लागला. बोटांचे ठसे पाण्यावर सायीसारखे आले. त्यांनी ते चमच्याने काढले. घट्टा एका फटक्यात सुटला. तो त्यांनी काचेच्या बशीत ठेवून वर झाकण घातले.

"दुखलं?"

"नाही."

"मग एवढं काय बघताय?"

माझे हात सुंदर झाले होते. असे हात मी यापूर्वी फक्त एकाच व्यक्तीचे पाहिले होते.

शुक्रवारी संशोधन मंदिराच्या दाराला पायऱ्या नव्हत्या. वैजयंतीने वरून हात दिला आणि मला ओढून घेतले. माझी पावले वाजली नाहीत. मी बासन सोडले, बोट लावले, आणि तीनशे दहा पाने एकामागून एक वाऱ्यासारखी उलटत तीनशे अकराव्यावर येऊन थांबली. तेवीस वर्षांत पोथी माझ्याशी इतकी कधीच मऊ वागली नव्हती. मी लेखणी उचलली. ती बोटांतून घसरली. पुन्हा उचलली, पुन्हा घसरली. तिला टेकायला जागा राहिली नव्हती.

वैजयंती माझ्या खुर्चीत बसली आणि तिने लेखणी घेतली. तिच्या मधल्या बोटावर, शिंपल्यासारख्या नखाखाली, हरभऱ्याएवढा घट्टा होता. त्याच्या कडेला माझी शाई होती.

"तो माझा आहे," मी म्हणाले.

"होता, बाई. आज सकाळी बसवून घेतला. पंधरा वर्षं लिहितेय, पण मला काही येतच नव्हता."

"किती दिलेस?"

"काही नाही. नेहमीच्या गिऱ्हाईकाला फुकट."

मी छबूताईंना फोन केला.

"पाटी वाचली नव्हती का?" त्यांनी विचारले.

"वाचली होती. ती ओळ मूळची नव्हती."

"मूळची म्हणजे? मीच लिहिली. निळं पेन संपलं म्हणून काळं घेतलं."

टेबल माझ्या बाजूने पोथीच्या कडेपर्यंत आले होते. खुर्चीला जागा नव्हती, म्हणून मी उभी राहिले. उभे राहून पोथीतली बारीक अक्षरे दिसत नाहीत, हे मला तेवीस वर्षांत कळले नव्हते. मी नेहमी बसून वाचत आले होते.

मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

वैजयंतीने नवी वही उघडली, लेखणी शाईत बुडवली. मान वर केली नाही.

"पान, बाई."

हात सुटले आणि पुढे आले. त्यांची चाहूल लागताच शेवटचे पान आपण होऊन वर उठले.